ताई आली, संडास तुंबला

सोमवार, २ जून

परत तुंबला! ताई माद्रिदहून आल्यापासून ही तिसरी खेप. अकरा वर्षं या घरात आई आणि मी दोघीच, कधी तक्रार नाही. पुसलेला कागद शेजारच्या डब्यात टाकायचा, आत नाही; इथले पाइप अरुंद. आमच्या पोर्तोव्हिएहो गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. पण बाईसाहेब परदेशात राहून आल्या ना! तिकडे म्हणे सगळं आत सोडतात.

गरम पाणी ओतलं, रबराचा पंप मारून मारून खांदे भरून आले. वर आला नुसता लगदा. आणि आई? स्वयंपाकघरात ताईसाठी हिरव्या केळ्यांचे गोळे करत होती, आत चीज भरून. माझ्या वाढदिवसाला भात-वरणच होतं.

मंगळवार, ३ जून

जळते मी ताईवर. लिहून टाकलं. बरं वाटलं.

गुरुवार, ५ जून

डब्यावर चिठ्ठी चिकटवली — ‘कागद इथे. हे माद्रिद नाही.’

ताई वाचून म्हणाली, "अगं मार्लेने, मी डब्यातच टाकते." मग काय भुतं येतात? तेवढ्यात तिने आईकडे बघितलं आणि लगेच, "बरं बाई, चुकलं माझं." खोटारडी! आई म्हणते, "जाऊ दे गं, चार दिवसांची पाहुणी." पाहुणी पंख्याखाली आणि मी कमोडसमोर गुडघ्यांवर.

दोघी सारख्या कुजबुजतात. मी गेले की गप्प. आज बाजाराला म्हणून दोघीच गेल्या, चार तासांनी रिकामी पिशवी घेऊन आल्या. मला ‘येतेस का’ एवढंसुद्धा नाही.

शनिवार, ७ जून

ताई कालपासून मान्ताला, मामीकडे. संडास आज तुंबला.

तारेचा आकडा करून आत घातला, ओढला. कागदाचा बोळा निघाला. आत रक्त. माझं नाही. म्हणजे आईचं — एकाहत्तराव्या वर्षी!

मागे वळले तर आई दारात. "डबा तू रिकामा करतेस ना," म्हणाली. "तुला दिसलं असतं."

"आणि ताईला कळलेलं चालतं?"

"तिला मीच फोन करून बोलावलं. डॉक्टरकडे न्यायला कुणीतरी हवं होतं."

"मी काय मेले होते?"

आई स्टुलावर बसली. "तुला कळलं असतं तर तू ओरडायची थांबली असतीस. डोळे पुसत हळू हळू बोलायला लागली असतीस. घरात एक तरी माणूस नेहमीसारखं असावं, एवढंच वाटलं गं."

रडायला हवं होतं मी. पण आधी मनात आलं ते हेच — तिला सांगितलं, मला नाही! लाज वाटते लिहायला. रडले नंतर, नळ मोठा सोडून.

रविवार, ८ जून

दिवसभर आईशी हळू बोलले. तिने ताट तसंच सारलं.

सोमवार, ९ जून

सकाळी डबा उघडला. आईचा कागद होता, अगदी वर, न लपवता. लाल.

बाहेर आले आणि ओरडले, "डब्याचं झाकण कोण लावणार? मी काय मोलकरीण आहे?"

आईने दोन गोळे खाल्ले. मलाही वाढले, चीज भरलेले.