काउंटरवरच्या टॅबचा पिवळा डाग

सोमवार, ३ जून

चिमीला रक्ततपासणीच्या लॅबमधून काढलं! कारण काय, तर काउंटरवरच्या टॅबच्या स्क्रीनवर पिवळा डाग पडला. डॉक्टर म्हणे, "स्पिरिटनं पुसून पुसून हिनंच वाट लावली."

सासूबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलंय. हे म्हणाले, "तू बघ ना जरा." जरा? चौदा वर्षं दुकानात फोन-टॅब दुरुस्त करतेय मी! आणि जिची नोकरी गेली ती माझी नणंद काय म्हणते? "जाऊ दे ना, वहिनी." जाऊ दे काय! पहिल्यापासून अशीच. तोंडातून ब्र काढायची नाही.

मंगळवार, ४ जून

टॅब घेऊन आले. डॉक्टर देईनात. म्हटलं, "डाग कशाचा ते लेखी देते. स्पिरिटचा निघाला तर नवा स्क्रीन माझ्याकडून, फुकट." लगेच दिला.

दुकानात आल्या आल्या स्क्रीनशॉट काढला, माझ्या फोनवर पाठवला. फोनवर स्वच्छ! सॉफ्टवेअरची गडबड असती तर डाग त्या फोटोतही आला असता. म्हणजे बिघाड पॅनलमध्येच. अर्धं काम इथेच झालं.

बुधवार, ५ जून

उघडला. स्पिरिट शिरतं ते कडेनं — आणि कडा बघाव्यात तर कोऱ्या करकरीत! गोंद जसाच्या तसा. बॅटरी फुगून मागून दाबतेय म्हणावं, तर तीही सपाट. मी म्हणतच होते.

दुपारी चिमी डबा घेऊन आली. म्हणते, "स्पिरिटचाच असेल, वहिनी. मी पुसायचे ना रोज." म्हटलं, "गप बस. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायची हौस आलीय का?" हसलीसुद्धा नाही. डबा ठेवून गेली.

गुरुवार, ६ जून

सापडलं!!

स्क्रीनभर नुसता करडा रंग लावला, टेबलावरचा दिवा मालवला. डागाला कोपरे आहेत! चांगला मोठा चौकोन, खाली आडवी पट्टी, पट्टीत अक्षरंसुद्धा लागतात — "कृपया बसून घ्या". स्पिरिट कधी अक्षरं काढतं का?

पेशंटचा नंबर दाखवायचा चौकोन आहे तो. दिवसभर तेच एक चित्र, तेही फुल ब्राइटनेसवर, दोन वर्षं. तेवढी जागा झिजून पिवळी पडली. आणि स्क्रीन बंद करायचा नाही हा हुकूम कुणाचा? टॅबच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवलीय — डॉक्टरांची, सहीसकट! उद्या बघतेच.

शुक्रवार, ७ जून

काय मजा आली! डॉक्टरांनी टॅब उलटसुलट केला, चष्मा काढला, परत घातला. मी करड्या रंगावरची अक्षरं वाचून दाखवली, मग मागची चिठ्ठी. बाहेरचे पेशंटही दारात येऊन बघत होते. शेवटी डॉक्टर म्हणाले, "चुकलंच आमचं." नुसतं परत नाही घेतलं — चिमीला काउंटरची प्रमुख केलं, दोन वर्षांचा करार! सोबत आलेल्या सासूबाईंनी स्वतः तिच्या हातात पेन दिलं. चिमी जरा थांबली, मग केली सही. भांबावली असेल बिचारी.

सासूबाई चारचौघांत म्हणाल्या, "माझी सून आहे ही!" लग्नाला अकरा वर्षं झाली. पहिल्यांदा म्हणाल्या! मला इतकं बरं वाटलं की घरी येईपर्यंत गुणगुणत होते.

रविवार, ९ जून

चिमी ओट्यापाशी भांडी पुसत होती. म्हटलं, "बाईसाहेब, आता तरी हसा की!"

पाठ फिरवूनच बोलली. "नर्सिंगला नंबर लागला होता माझा, वहिनी. हातची नोकरी आई सोडू देईना. नोकरीच गेल्यावर नाही कशी म्हणणार होती?"

हजर कधी व्हायचं होतं, विचारलं.

"काल."