घरातलं बोलणं, गिरणीवर

१३ जुलै, मंगळवार

माझंच वाक्य आज मला गिरणीवर ऐकू आलं! शब्दाला शब्द!

दोन बायका मक्याची पोती उतरवून रांगेत बसलेल्या. गिरणी सुरू. बाहेरच्या माणसाला त्या घरघरीत काही कळत नाही, पण माझं आयुष्य त्या आवाजात गेलंय — त्याच्याखालून चाललेली कुजबुज मला बरोबर ऐकू येते. एक म्हणाली, "ओब्वोगेनं एकाच रस्त्याचं दोनदा उद्घाटन केलं. आता तिसऱ्यांदा आला तर रस्ताच पुढे होऊन फीत कापेल!" दुसरी इतकी हसली की पोत्याला टेकली.

हे मी रविवारी जेवताना म्हटलं होतं. घरात. दार लावून. समोर फक्त बायको, बोनारेरी.

घरी येऊन बायकोला विचारलं, "कुणाला बोललीस?" ती चिनसागाची पालेभाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमची वाक्यं गावभर वाटत फिरायला मला दुसरे उद्योग नाहीत वाटतं?"

तेही खरंच. हिच्या पोटात गेलेली गोष्ट कधी वर आलेली नाही.

मग गेली कशी?

१४ जुलै

नीट विचार केला तर हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

आमच्या कुळाच्या वडीलधाऱ्यांनी मे महिन्यातच बैठक घेऊन ओब्वोगेच्या डोक्यावर हात ठेवला — वॉर्डात आपलाच माणूस पुन्हा निवडून यायचा, कुळातलं एकही मत बाहेर जायचं नाही. मीही टाळ्या वाजवल्या. प्रचाराला माझा ट्रक दिलाय. प्रत्येक सभेत पहिल्या रांगेत माझी खुर्ची.

आणि मत देणार केरुबो बाईंना! दुसऱ्या कुळातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी पाण्याचा नळ मागितला तेव्हा स्वतः खणायला उभ्या राहिल्या. आमच्या माननीयांनी नळाशेजारी उभं राहून फोटो काढला.

हे दोघांनाच ठाऊक — बोनारेरीला आणि या पानाला. बाहेर फुटलं तर संपलंच. कुळानं टाकलेल्या माणसाच्या गिरणीत कुणी मका टाकत नाही. घरात मयत झालं तर खड्डा खणायलाही कुणी येत नाही. पाठीवर केळीचे घड वाहून उभी केलेली ही गिरणी — एका वाक्यापायी बसायची!

१६ जुलै

आज दुसरा धक्का. केमुंतोचा मोंबासाहून फोन. मुलगी दवाखान्यात रक्त तपासते, पण बापाची तपासणी जास्त करते. म्हणाली, "बाबा, ओळखपत्राचा नंबर टाकून बघा जरा, तुम्ही कोणत्या पक्षाचे सदस्य आहात ते. इथे सगळ्यांची झोप उडालीय."

टाकला. मी कुठल्याशा शिडीवाल्या पक्षाचा सदस्य निघालो! जन्मात नाव ऐकलेलं नाही. बोनारेरीचा टाकला — ती तिसऱ्याच पक्षात, चिन्ह किटली. म्हणजे आमच्या घरात आघाडीचं सरकार आहे, आणि आम्हालाच पत्ता नाही!

"माझा नंबर यांना दिला कुणी?" मी ओरडलो.

"तुम्हीच," केमुंतो म्हणाली. "बँकेच्या फाटकावर रखवालदाराच्या वहीत काय लिहिता? नाव, नंबर, फोन, सही. मोबाइलवरचे पैसे दुकानातून काढताना त्याच्या वहीत काय लिहिता? तेच. ती वही रात्री कुठे जाते, विचारलंत कधी?"

नाही विचारलं. कुणीच विचारत नाही. आम्ही शेजाऱ्याला पिकाचा अंदाज सांगत नाही, आणि फाटकावरच्या अनोळखी माणसाला सगळी कुंडली लिहून देतो, वर त्याचंच पेन मागून.

फोन ठेवताना म्हणाली, "आणि बाबा, बैठकीतल्या संगणकाच्या कॅमेऱ्यावर पट्टी लावा. हल्ली त्यातूनही ऐकतात म्हणे."

संगणक जेवणाच्या टेबलापासून हाताच्या अंतरावर!

१७ जुलै

पट्टी लावली. दवाखान्यातली, जखमेची. बोनारेरी म्हणते, "लागलंय का त्याला?"

संगणकाला हात लावून पाहिला तर मक्याच्या उगालीच्या पातेल्यासारखा तापलेला! पडदा काळा, पण आतला पंखा गरगरतोय. आणि इंटरनेटचा पॅक महिनाभर पुरायचा, तो आठवड्यात संपतोय. हे आधी का लक्षात आलं नाही?

१९ जुलै

ओम्वेंगाला बोलावलं. बाजारात संगणक दुरुस्त करतो, काडीसारखा माणूस, प्रत्येक गोष्टीवर हसतो. कॅमेऱ्यावरची पट्टी पाहून आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "काका, आत काहीतरी सतत चालू आहे. दोन दिवस दुकानात ठेवा, बघतो."

स्वयंपाकघरातून बोनारेरी — "संगणक घराबाहेर जायचा नाही! माझी पहाटेची प्रार्थना असते त्यावर."

ओम्वेंगानं मग सगळं बंद केलं. संगणक थंड. मी खूश. पैसे देऊन वर केळीही दिली.

२० जुलै

सकाळी पुन्हा गरम!! पंखा सुरू!

ओम्वेंगानंच काही घालून ठेवलं नसेल ना? त्याच्या दुकानावर ओब्वोगेचं पोस्टर आहे. अर्थात माझ्याही ट्रकवर आहे.

२५ जुलै, रविवार

आज गळ टाकला. जेवण झाल्यावर संगणकाकडे तोंड करून, खणखणीत आवाजात, साफ खोटं बोललो — "ओब्वोगे झोपेतसुद्धा भाषण करतो म्हणे! बायको बिचारी टाळ्या वाजवून वाजवून दमते!"

बोनारेरी बघतच राहिली. "कुणाशी बोलताय?"

"भिंतीशी," म्हटलं.

२६ जुलै

दुपारपर्यंत आलं! गिरणीवर! एक बाई दुसरीला — "झोपेत भाषण... आणि बायको टाळ्या..."

माझ्या हातातून पिठाचा डबा सुटला. आता संशयच नाही. माझ्या घरात संगणकाचा कान आहे.

तसाच ओम्वेंगाच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकांसमोर नको नको ते बोललो. विकला गेलास म्हणालो. या वेळी तो हसला नाही. एवढंच म्हणाला, "काका, तुमचं बोलणं विकत घ्यायला बसलंय तरी कोण?"

हे जास्त लागलं.

२७ जुलै

आजपासून घरात गप्प. मीठ हवं तर बोट दाखवतो. बोनारेरी विचारते, "व्रत धरलंत का?" संगणकाची वायर काढून ठेवली तर तिनं परत लावली. वर घोंगडी टाकली तर तीही काढली — "जळेल ना!"

२९ जुलै

गप्प. काही नाही.

३१ जुलै, शनिवार

हे लिहून ठेवायलाच हवं.

आमचं चर्च शनिवारी भरतं; ते सुटल्यावर अंगणात म्हातारी न्याबोके आली. काठी टेकत, माझा हात घट्ट धरून म्हणाली, "पोरा, बरा आहेस ना? चार दिवस झाले, तुझा आवाज नाही."

"कसला आवाज, आजी?"

"अरे, प्रार्थनेतला! रविवारी दुपारचा तास माझा असतो. तू जेवतोस, बोलतोस, मग घोरतोस. तू घोरायला लागलास की मी आमेन म्हणते."

मी बोनारेरीकडे पाहिलं. बोनारेरीनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.

घरी आल्यावर उलगडा झाला. निवडणूक शांततेत पार पडावी म्हणून चर्चच्या बायकांनी जूनपासून इंटरनेटच्या कॉलवर प्रार्थनेची साखळी धरली आहे. दिवसरात्र. प्रत्येक घराला एक तास, आणि बाकीच्यांनी ऐकत राहायचं. लाइन कधी तुटू द्यायची नाही — तुटली तर साखळी तुटली! फोनची बॅटरी टिकत नाही म्हणून हिनं संगणकावर लावलं. ओम्वेंगानं बंद केलं, हिनं पहाटे पुन्हा जोडलं.

"आणि माझं बोलणं?"

"तुमची दुपारची झोप मोडू नये म्हणून मी आवाज बंद केला होता हो!" रडकुंडीला आली बिचारी. "मला वाटलं, आवाज बंद म्हणजे दोन्हीकडून बंद."

बंद होता तो त्यांचा आवाज. आमच्या घरात येणारा. आमचा तिकडे जाणारा चालूच होता! मी कॅमेऱ्याला मलमपट्टी करत बसलो, आणि तोंड पूर्ण चर्चमध्ये उघडं!

"कुणी सांगितलं का नाही?"

"आत्ता विचारलं मी. त्यांना वाटलं, ती तुमची साक्ष आहे. देवासमोर पुरुषमाणूस मन मोकळं करतोय, त्याला अडवायचं कसं? आणि प्रार्थनेत ऐकलेलं कुणाचं नाव घेऊन बाहेर सांगायचं नाही, हा आमचा नियम."

म्हणून वाक्यं बाहेर पडली, नाव आत राहिलं. केरुबो बाईंना मत देणार, हेही मी त्या टेबलावर म्हटलंय. एकदा नाही, रोज!

मग डोक्यात वीज चमकली. "बोनारेरी... ओब्वोगेची बायको आहे का साखळीत?"

"न्यांचामाचा तास पहाटेचा असतो," म्हणाली. "पण ती लाइन कधी सोडतच नाही. दिवसभर ऐकते."

१ ऑगस्ट

संगणक न्हाणीशेजारच्या खोलीत हलवला. बोनारेरी आता तिथे बसून साखळी धरते. दार लावून.

२ ऑगस्ट

ओम्वेंगाची माफी मागितली. त्याच चार गिऱ्हाइकांसमोर मागायची होती, पण ती कुठून आणणार! जी होती त्यांच्यासमोर मागितली. त्यानं सगळं ऐकलं आणि मग असा हसला की खुर्चीवरून घसरला. "काका, माझी आईही आहे त्या साखळीत! ती विचारत होती, तुमचा कार्यक्रम पुन्हा कधी सुरू होणार."

म्हणजे या माणसाला...? नाही, त्याच्या आईनं त्याला नाव सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं. आत्ता!

४ ऑगस्ट

ओब्वोगे गिरणीवर आला. नेहमीसारखी मिठी. "दादा, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून मी आहे!" पीठ त्याच्या कोटाला लागलं. मी त्याच्या डोळ्यांत शोधत होतो — याला ठाऊक आहे? ठाऊक असून मिठी मारतोय? राजकारण्याची मिठी आणि गिरणीचा पट्टा, दोन्हींत हात कधी अडकेल सांगता येत नाही.

७ ऑगस्ट

शेवटची सभा. मी पहिल्या रांगेत, दगडासारखा. न्यांचामा पाहुण्यांना सोडा वाटत होती. माझ्यापाशी आली, बाटली दिली, वाकून हळूच म्हणाली, "ते झोपेत बोलतात, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वहिनी, ती आपली... गंमत..."

"खरं आहे ते," ती म्हणाली, आणि पुढच्या खुर्चीकडे गेली.

हसली नाही. रागावलीही नाही. सोडा तसाच हातात राहिला. ती नवऱ्याच्या कानाशी लागली की मी संपलो.

९ ऑगस्ट

गिरणीवर नेहमीइतक्याच बायका. म्हणजे अजून काही झालं नाही. की मतदानापर्यंत थांबलेत?

१० ऑगस्ट, मंगळवार

मत दिलं. रांगेत पुढेमागे सगळे कुळातलेच. पुठ्ठ्याच्या आडोशाला उभं राहिल्यावर एक क्षण वाटलं, जाऊ दे, ओब्वोगेच्या नावावर खूण करावी, जीव सुखात राहील. मग वाटलं, अख्ख्या चर्चनं ऐकलंय मी काय करणार ते. आता खोटं कुणाशी बोलू?

केरुबो बाई.

१२ ऑगस्ट

केरुबो बाई निवडून आल्या!! आमच्या स्वतःच्या शाळेतल्या केंद्रावरसुद्धा! जिथे दुसऱ्या कुळाचं माणूस औषधालाही नाही!

वडीलधारी मंडळी शाळेच्या भिंतीवरचे आकडे पुन्हा पुन्हा वाचतायत. एकमेकांकडे बघत नाहीत. मीही बघितलं नाही. एक मत माझं. बाकीची कुणाची?

१४ ऑगस्ट

संध्याकाळी ओब्वोगे घरी आला. एकटा. गाडी लांब उभी करून. बसला, आणि लहान मुलासारखा रडला.

"कुळ फुटलं, दादा. आतून फुटलं. हात लावीन तो माणूस खोटा निघतोय."

मी चहात साखर ढवळत राहिलो. विरघळली होती, तरी ढवळत राहिलो.

"जगात दोनच मतं माझी पक्की होती," तो म्हणाला. "एक तुमचं. एक न्यांचामाचं."

बोनारेरी स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्याची खरंच दया आली. आणि स्वतःची भीती वाटली, की मी हा हात इतक्या सहज ठेवू शकतो.

१६ ऑगस्ट

न्यांचामा गिरणीवर आली. मका दळून घेतला. पोतं डोक्यावर चढवून देताना हळूच म्हणाली, "तुमचं मत मी त्यांना सांगितलं नाही. माझं तुम्ही सांगू नका."