डाग आधी पडतो

४ फेब्रुवारी, सोमवार
आज सकाळी सव्वानऊला माझं आयुष्य बदललं. लाँड्रीच्या मालकांनी मला डाग काढायच्या टेबलावर बसवलं! शाईला कुठलं औषध, तेलाला कुठलं, सगळं समजावलं. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला एवढं तरी जमेल ना, असा टोमणाही मारला. मारू दे. समोरच चष्म्याचं दुकान आहे आणि तिथे ती काम करते. तिच्याकडे बघून हसला म्हणून मी वर्गातल्या एकाचा दात पाडला, कॉलेज सुटलं, आणि तिच्यामागोमाग या गावात आलो. वडील म्हणाले, छान दिवे लावलेस. काचेतून ती दिवसभर दिसते. अजून काय हवं?

७ फेब्रुवारी, गुरुवार
पोस्टमनच्या पँटवर गुडघ्याशी रक्ताचा डाग. तीनदा घासला, जाईना. मी माफी मागितली, तर तो म्हणाला, कसला डाग? डोळे तपासून घे, समोरच दुकान आहे. संध्याकाळी सायकलवरून पडला. तोच गुडघा.

९ फेब्रुवारी, शनिवार
शाळेच्या बाईंच्या बाहीवर जळल्याचा चट्टा. माझ्याशिवाय कुणालाच दिसेना. आज शेगडीजवळ जाऊ नका, असं बजावून सांगितलं. नाही गेल्या. भलतंसलतं बोलतो म्हणून मालकांकडे माझी तक्रार करायला आल्या, आणि आमच्याच तापलेल्या इस्त्रीवर हात टेकला. मी तोंड उघडलं नसतं तर त्या आल्याच नसत्या.

११ फेब्रुवारी, सोमवार
तिचा राखाडी कोट आलाय. छातीवर, डावीकडे, तळहाताएवढं रक्त. सकाळपासून घासतोय. बोटांची सालं निघाली.

१२ फेब्रुवारी, मंगळवार
सांगू? बाईंना सांगितलं आणि — नाही, तिला नाही सांगितलं. कोट मात्र देईना. ती भर रस्त्यात ओरडली, अजून किती मागे लागणार आहेस, माझं लग्न ठरलंय. तिने कोट हिसकावून घेतला, तिथेच अंगात घातला. माझं डोकं फिरलं. काय काय बोललो ते लिहवत नाही.

१३ फेब्रुवारी, बुधवार
माझा शर्ट. उजवी बाही कोपरापर्यंत लाल. मालकांना दिसत नाही.
वाचवतानाही रक्त लागतंच की. तिला उचलून घेतलं तरी —
पण माझा हात मला ठाऊक आहे.

दुपार
निघतो. मिळेल त्या गाडीने. पुढून नको, ती समोर आहे. शर्ट फेकला, मालकांचा घातला. त्याच्याही बाहीवर —
मागचं दार ओढून घेतलं. खटका पडला, आता बाहेरून उघडत नाही. पायरीवरच लिहितोय. गल्ली एकाच बाजूने उघडी, आणि तिथे ती. कोट घालून. कालच्या बोलण्याचा जाब विचारायला आलीय म्हणते. जवळ येऊ नकोस म्हणून ओरडलो. येतेच आहे. माझ्या हातात या पेन्सिलीशिवाय काहीच नाही. काहीच. फक्त हिचं टोक —