तडजोडीचे दहा दिवस

४ मार्च, शुक्रवार
मिटवलं एकदाचं. नेरिसा आणि वेंडेलची तडजोड झाली. कागद मीच लिहिला – आम्हा पंचांत अक्षर तेवढं माझंच धड. हात मिळवले, फोटो झाला, मग परातभर पान्सितच्या शेवया. नेरिसाने ताटलीला हात लावला नाही. मनात म्हटलं, नखरे!

५ मार्च
नेरिसाचा प्रश्न डोक्यातून जात नाही. बंदरावरून मासळी आणून विकणारी पोर. वेंडेल तीनचाकीवाल्यांचा पुढारी. शिट्ट्या मारतो, तिच्या कमरेवरून बोलतो, घरापर्यंत मागे जातो. काल पंचांसमोर तिने मला, सगळ्या वस्तीच्या आजीला, विचारलं, "लोला, मग कायद्यात याला काय म्हणतात?"

मी ऐटीत सत्त्याण्णव सालच्या शिबिरातला कायद्याचा कागद काढला. छळ करणारा वरचा माणूस असावा लागतो – मालक, मास्तर, साहेब. "वेंडेल तुझा मालक आहे का गं? नाही ना? मग हा छळ नव्हे, नुसता वाह्यातपणा." सगळे हसले. सगळ्यात जास्त वेंडेल.

७ मार्च
ती आता टोपलं डोक्यावर घेऊन चालत येते. थांब्यावरचा एकही गाडीवाला तिला बसवत नाही. आता शिट्ट्या सगळेच मारतात. वेंडेलने मला फुकट घरी सोडायची तयारी दाखवली – तुमच्या कायद्याने वाचवलं, लोला! मीही चालतच आले. गुडघे बोलतायत.

९ मार्च
जेवण गेलं नाही.

११ मार्च
पंचायतीच्या फळ्यावर बास्केटबॉलच्या सामन्यांचं भलंमोठं पोस्टर आहे. एक कोपरा सुटला होता, नीट लावायला गेले. खाली सरकारी पत्रक. नवा कायदा – तीन वर्षं झाली येऊन! रस्त्यात, बाजारात, गाडीत. कुणीही कुणाचा केलेला छळ. मालक असायची गरजच नाही. शिट्टीसुद्धा लिहिलीय त्यात. मागे मागे जाणंही.

तीन वर्षं त्या फळ्यासमोर खुर्ची टाकून बसतेय मी. शहाणी!

कॅप्टनला दाखवलं. तो आमच्या वस्तीचा निवडून आलेला प्रमुख. तीनचाकीवाल्यांची मतं त्याच्या खिशात. पत्रक त्याने वाचलंही नाही.

"लोला, दहा दिवस झाले की तुमचा कागद कोर्टाच्या निकालाइतका पक्का. तीन राहिलेत. तेवढे तीन दिवस जरा गुडघ्यांना शेक द्या."

त्याला सगळं ठाऊक होतं मेल्याला.

१२ मार्च
नियम मला पाठ आहे, माझीच अक्कल आडवी आली. तडजोड मोडता येते, पण दहा दिवसांच्या आत, आणि सही धाकाने घेतली असं शपथेवर लिहून दिलं तरच. मग विचार केला – धाक कुठे होता? आपण तर मायेने समजावलं. दिवसभर स्वतःला हेच सांगत बसले.

१३ मार्च, रविवार
प्रार्थनेनंतर नेरिसाकडे गेले. मासे साफ करत होती. मान वर केली नाही. पत्रक वाचून दाखवलं, उद्या शेवटचा दिवस म्हणून सांगितलं. तिने पुढचा मासा घेतला. मग म्हणाली –

"त्या दिवशी कॅप्टन म्हणाला, 'तुझ्या बाजारातल्या जागेचा परवाना माझ्या टेबलावरून जातो.' तुम्ही ऐकलंत, लोला. आणि पेन माझ्या हातात दिलंत. सही झाल्याशिवाय उठायचं नाही, म्हणालात."

म्हणाले होते. पाठीवरून हात फिरवत म्हणाले होते.

मी म्हटलं, हेच लिही. ती म्हणाली, तुमचंही नाव येईल मग. मी म्हटलं, येऊ दे.

१४ मार्च
सकाळीच दोघी पंचायतीत शपथपत्र द्यायला गेलो. धाक कोणी घातला, या ओळीत तिने आधी कॅप्टनचं नाव लिहिलं. मग पेन थांबलं. माझं पूर्ण नाव तिला माहीत नव्हतं – जन्मापासून मला लोलाच म्हणते. मी सांगितलं. पुरिफिकासिओन अबेयार. तिने लिहिलं.