न बघता पुसलेली पाटी

नाना,

परवा ऑफिसातल्या नव्या मुलीला मी तुमचं म्हणणं अगदी माझंच असल्याच्या थाटात ऐकवलं. चाचणीचा प्रोग्राम मध्येच पडला तर त्याने मशीनकडून मागून घेतलेली मेमरी वगैरे सगळं तसंच अडकून राहतं, म्हणून आवरायचं काम शेवटच्या ओळीत लिहू नकोस, पहिल्या ओळीत लिही. आधी मागच्याचा पसारा काढ, मग आपला मांड. पोरगी हुशार आहे. ती म्हणाली, "पण मॅडम, पसाऱ्यात काय आहे ते न बघताच काढायचा?" मी म्हणाले, त्यात बघण्यासारखं काही नसतं. असं म्हणाले खरी, पण तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज पहिल्यांदा तुम्हाला लिहायला बसलेय. कुठून सुरुवात करावी तेही कळत नाही.

जळगावचं आपलं ते ऑफिस आठवतं. पाइपच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर एकच मशीन, त्याला जोडलेले सहा टर्मिनल, आणि त्या खोलीत थंड हवा मशीनसाठी, आपल्यासाठी नव्हे. मी धुळ्याहून नवीनच आले होते आणि पुस्तकातलं सगळं मला येत होतं. पहिल्याच महिन्यात माझ्या चाचण्या एकामागून एक पडल्या आणि दुपारपर्यंत कुणाचाच प्रोग्राम चालेना. तुम्ही माझ्यामागे येऊन उभे राहिलात. एरवी ऑफिसात साफ पुस्तकी मराठी बोलणारे तुम्ही, पण रागावलात की थेट गावच्या बोलीत, पिंपळनेरात पोचायचात. "अक्का, हाई काय पसारा करी ठेवेल शे?" बावीस वर्षांच्या मुलीला अक्का म्हटल्यावर सगळी खोली हसली. मी म्हणाले, माझ्या प्रोग्राममध्ये शेवटी सगळं परत करायच्या ओळी आहेत. "पडनाराले आवराले येळ भेटस का?" तुम्ही विचारलंत.  मग मी घाईघाईने मशीनमध्ये अडकलेल्या गोष्टींच्या यादीतलं दिसेल ते काढायला लागले, तर तुम्ही माझा हातच धरलात. "कोनी धरेल शे का, ते पयले देख. मंग काढ."

दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्यासाठी शाळेतली एक दगडी पाटी आणलीत. तुमच्या टेबलावर तशी एक होतीच. चाचणी चालवण्याआधी ती काय काय मागून घेणार ते खडूने पाटीवर लिहायचं, आणि ते मशीनला परत गेल्यावरच पुसायचं. प्रोग्राम पडला तरी पाटी पडत नाही, असं तुमचं म्हणणं. बाकीचे हसायचे, नानांनी बालवाडी काढली म्हणायचे. दुपारी तुम्ही डब्यातली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवायचात आणि भाकरी चावता चावता माझी पाटी तपासायचात. मला त्याचा राग यायचा. आणि बरंही वाटायचं. दोन्ही एकदम कसं वाटतं, मला ठाऊक नाही.

मग तो सोमवार. अकरा ट्रक आवारात भरून उभे, आणि गेटपास छापून निघेनात. मालाच्या फायलीत एका वेळी एकानेच लिहावं म्हणून मशीनमध्ये एक टोकन होतं, ज्याच्या हाती टोकन त्याने लिहायचं. कुठल्यातरी प्रोग्रामने ते घेतलं होतं आणि न सोडताच तो मेला होता. बाकीचे सगळे प्रोग्राम त्याची वाट बघत बसले होते. त्या वेळी दोनच गोष्टी चालू होत्या, तुमचा जुना मालाचा प्रोग्राम आणि माझी चाचणी. माझी चाचणी मी चालू प्रोग्रामची नक्कल करून लिहिली होती. टोकनाचा नंबर बदलायला हवा होता, नाहीतर चाचणी खरंच टोकन उचलणार. मी तो आधीच बदलला होता, की गोंधळ झाल्यावर घाबरून फाइल उघडली तेव्हा बदलला? नाना, देवाशपथ सांगते, मला आठवत नाही. त्याच आठवड्यात मला कायम करायचं की नाही ते ठरणार होतं, आणि साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, चूक कुणाची ते सांगा.

तुम्ही म्हणालात, उद्या कळेल. मंगळवारी सकाळी तुम्ही दोन्ही प्रोग्राम, माझा सोमवारी गोंधळाआधी टेपवर उतरलेल्या प्रतीतून काढलेला, पुन्हा एकत्र चालवलेत. सोबत मेमरीचा एक तुकडा मागून घेतलात, टोकन कोण घेतं आणि कोण सोडत नाही त्याची नोंद ठेवायला. तुमच्या पाटीवर लिहिलंत, एक तुकडा, एक टोकन. अकराच्या सुमारास तुम्ही खुर्चीतच वाकलात. छातीवर हात. कारखान्याची जीप आली. दोघांनी तुम्हाला धरून जिन्याकडे नेलं, तर तुम्ही वळून, लगेच परत येणार असल्यासारखे, मला म्हणालात, "पाटी पुसू नको. मी येस." कुणीतरी तुमचा टर्मिनल बंद केला, तसे तुमचे प्रोग्राम मेले. तुकडा मात्र मशीनमध्ये तसाच राहिला, कारण असले तुकडे मालकाबरोबर जात नाहीत.

पुढची गोष्ट मी इतकी वर्षं सगळ्यांना एकाच तऱ्हेने सांगत आलेय. तीन दिवसांनी तुम्ही गेलात. साहेब म्हणाले, त्यांचं मशीनमध्ये जे काही अडकलंय ते काढून टाका. मी यादी पाहिली, कुणी धरलेलं नव्हतं, मी काढलं. तुम्हीच शिकवल्याप्रमाणे. ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. नव्या मुलीलाही मी हेच सांगितलं, आणि तिचेही डोळे भरले.

बुधवारी मी तुम्हाला भेटायला दवाखान्यात आले होते. तुम्ही पलंगावर, काकू उशाशी मोसंबी सोलत बसलेल्या. साहेब माझ्याआधी येऊन गेले होते. तुम्ही म्हणालात, "मी सांगी दिधं त्यासले. चूक मनीच व्हई." चूक तुमचीच असेल म्हणे. तुम्हाला खरंच तसं वाटत होतं? अकरा वाजेपर्यंत त्या तुकड्यात काही उमटलं होतं आणि ते तुम्ही वाचलं होतं? की माझं कायम व्हायचं होतं म्हणून तुम्ही ते अंगावर घेतलंत? अंगावरच घ्यायचं होतं, तर मग थोड्या वेळाने हळूच का विचारलंत, "पाटी शे ना?"

मी म्हणाले, "आहे, नाना."

नव्हती. मी ती मंगळवारीच पुसली होती. तुम्ही गेल्यावर नाही, साहेबांच्या सांगण्यावरून नाही. जीप फाटकाबाहेर पडली, सगळे खिडकीशी उभे होते आणि मी तुमच्या खुर्चीत जाऊन बसले. यादीत तुमचा तुकडा दिसत होता, कुणी न धरलेला. वाचायला दोन मिनिटं लागली असती. मी तो वाचला नाही, काढला, आणि ओढणीच्या टोकाने पाटी पुसली. शनिवारी मला कायम केल्याचं पत्र मिळालं.

भीतीने केलं म्हणावं, तर भीती कशाची, हेच मला कळत नाही. चूक माझी निघेल याची, की तुमची निघेल याची? त्या मुलीने विचारलं तेव्हा मला वाटलं होतं, लिहायला बसलं की उलगडेल. उलगडलं नाही. काकू आता धुळ्याला असतात, त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे. पण त्यांनाही हे पाठवणार नाही, कारण त्या अजून प्रत्येकाला सांगतात की जाताना नाना निवांत होते, पाटी जागेवर आहे हे त्यांना कळलं होतं.