शिंपला आणि तुमची चादर

गुरुजी,

आज १७ जुलै, सकाळचे सव्वाअकरा. नांदेडला मी काम करतो त्या टायपिंगच्या दुकानात बसून, वेलांट्या तपासता तपासता, मी तुमच्यावर चिडलो आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी. कॉलेजातून निवृत्त झालेल्या एका प्राणिशास्त्राच्या मॅडमचा लेख टाइप करतोय. विषय आहे शिंपल्यातला जीव अगदी सुरुवातीला कसा घडतो, हा. काल त्या मजकूर द्यायला आल्या, तेव्हा चाळता चाळता मी विचारलं, "मॅडम, इथं 'शिंपला स्वतःहून बनतो' असं पाहिजे ना?" त्या हसल्या. "स्वतःहून कसं बनंल रे बाबा? शेजारच्या पेशींतली वाढ घडवणारी जनुकं आधी जागी व्हावी लागतात. त्यांच्याकडून खूण आली, की मग पाठीवरच्या पेशी कवचाच्या कामाला लागतात." मी विचारलं, "अन् खूण आलीच न्हाई तर?" "तर काय! कवच धड होत न्हाई. उघडंच राहतंय बिचारं."

मला एकदम तो पत्र्याचा शेड दिसला. भूकंपाला महिनाही झालेला नाही. आईचा पाय प्लास्टरमध्ये आहे. ट्रकवरून ब्लँकेटं वाटतायत आणि मी, चौथीतला, आईसाठी दुसरं मागायला पुन्हा रांगेत उभा आहे. तुम्ही सगळ्यांदेखत माझा कान धरून मला बाहेर ओढलंत आणि तेरणा नदीतला एक शिंपला माझ्या हातावर ठेवलात. "ह्याला घर कोण बांधून देतंय रे? आपलं आपण बांधतंय. अन् तू हात पसरून राहिला? लाज न्हाई वाटत?" रांगेतली माणसं हसली. गुरुजी, ब्लँकेट आईसाठी होतं. तुम्ही विचारलंसुद्धा नाही.

ते मी शाळेच्या धड्यापेक्षा पक्कं पाठ केलं. लातूरला क्लासमध्ये तास संपला, की पोरं सरांना घेराव घालून शंका विचारायची आणि मी मागच्या बाकावर दप्तर भरायचो. फिजिक्स कळत नव्हतं. शेजारचा म्हणायचा, "इचार की बे, सर काय खातेत का तुला?" मी म्हणायचो, "जमतंय माझं." जमलं नाही. बारावी तिथंच राहिली. काल बोलण्यात बारावीचं निघालं, तेव्हा मॅडमनीही विचारलं, "पुन्हा का बसत न्हाईस परीक्षेला?" तोंडातून तेच निघालं, "जमतंय माझं."

तुम्हाला जे ठाऊक नव्हतं, ते शिकवलंत कशाला? आणि मला रांगेतून ओढलंत, त्याच संध्याकाळी आमच्या शेडच्या दाराशी एक चादर ठेवलेली होती. कोपऱ्यावर शाईचा डाग होता, म्हणजे तुमचीच. आई हिवाळाभर तीच पांघरून निजली. म्हणजे एकट्यानं भागत नाही, हे तुम्हाला कळत होतं. मग दिवसाउजेडी, माझ्या हातात का नाही दिलीत? चादर आईला मिळाली, माझ्या वाट्याला तो खोटा शिंपलाच आला. याचा राग मी सोडणार नाही.

मॅडम दुपारी तपासायची प्रत न्यायला येतील. काय विचारायचं ते कागदावर लिहून ठेवलंय: "फिजिक्स शिकवणारं तुमच्या ओळखीचं कुणी आहे का?" खरं सांगतो, त्याच्यापुढं "नसेल तर राहू द्या" असंही लिहिलं होतं. ते आत्ता खोडलं.