आता ती आपणच बोलतत

आचरा, ४ ऑक्टोबर २००२

नवा जपानी व्हिडिओ गेम पुढच्या आठवड्यात येतोय. मासिकात लिहिलंय, गोष्ट मोठी, संगीत छान, लढाया जरा रटाळ. असू देत. मला खुपतंय ते निराळंच.

संध्याकाळी होडीवरून येता येताच भाऊ ओरडला, "गो ताई, आता तुका वाचूक नको! ह्या नव्या गेमात सगळी आपणच बोलतत!"

आजवर तो लढायचा आणि मी पडद्यावरचं इंग्रजी मालवणीत बोलून दाखवायची. राणीला आत्याचा आवाज, म्हाताऱ्या जादूगाराला बाबांचा.

"इंग्रजीतला तुका काय कळतला?"

"आवाजावरसून कळतला."

कळेलही. तेच तर. मासिकवाले म्हणतात, बोलणारी पात्रं हीच मोठी जमेची बाजू. असेल बापडी. पण तो म्हातारा चिडला की 'मेल्या' म्हणेल का?